उघाडी

शहाबाजच्या खारीत, घराच्या पाठी
माझं आठ गुंठ्यांचं तळं.
पाणी किती खारट झालंय ते मी जिभेवर ठेवून सांगतो.
मत्स्यखात्याच्या पोराकडे त्यासाठी काचेची नळी आहे.
आजवर दोनदाच आमचं जमलं नाही.

पहिल्या वर्षी जिताड्याची दोनशे पिल्लं सोडली,
बोटाएवढी, लडकू घरतने खाडीत पाग टाकून धरलेली.
दिवाळीनंतर जाळं ओढलं. एकतीस.
चोर नाही, ऊद नाही, पाणकावळाही नाही.
"तुझ्याच पोरांनी तुझी पोरां खाल्ली,"
लडकू म्हणाला आणि बिडी पेटवायला आडोसा शोधू लागला.

तेव्हापासून दर पंधरवड्याला निवड.
थोरली इकडे, धाकटी तिकडे,
मधल्यांवर डोळा.
तोंडात मावेल ते सगळं जेवण,
सख्खा भाऊसुद्धा.
आम्ही चार भाऊ होतो, सातबारा एक होता.
त्याबद्दल इथे लिहीत नाही.

चैत्रात तळं आटवलं,
एकतीस जण तोवर पाठच्या खड्ड्यात.
काळा गाळ उपसला, चुना फेकला,
भेगा पडेतो ऊन खाऊ दिलं.
मग उघाडीची फळी उचलून भरती आत घेतली.
तिच्याबरोबर बोयटं आली, कोळंबी आली.
चिलापी मी सोडली.
जिताडा पोसायचा म्हणजे
खरं तर चिलापी पोसायची.

भेंडीखालच्या सावलीत एक राहतो,
त्याला आम्ही भाऊसाहेब म्हणायचो,
कारण तो तहसिलातल्या भाऊसाहेबांसाठीच वाढवत होतो.
आमच्याकडे कागद हलतो तो जिताड्याच्या शेपटीने.

यंदा खात्याच्या पोराने त्याला तोलला. साडेसात किलो.
म्हणाला, "ही मादी आहे काका.
लहानपणी नर असतात सगळे, मोठे झाले की मादी होतात."
गुणाबाय दोन दिवस हसत होती,
भांडी घासताना, भात वैरताना.
पोरगा जाता जाता आणखी एक बोलला,
अंडी धरली तरी इथे टाकणार नाही,
त्याला समुद्र लागतो.

आषाढी अवसेचं उधाण.
ओहोटी लागल्यावर टॉर्च घेऊन उघाडीवर गेलो.
फळी वीतभर उचलली.
पाणी पोटऱ्यांना ओढत बाहेर निघालं,
आणि ती आली.
धारेला तोंड देऊन उभी राहिली,
उजेडात डोळा निखाऱ्यासारखा लाल.

साडेसात किलो. किलोला सातशे.
धाकटीची नर्सिंगची फी.
तहसिलातला कागद.
फळी खाली टाकली.
आवाज मोठा झाला,
कुणी ऐकला नाही, गुणाबाय सोडून.

सकाळी चिलापीची टोपली ओतली.
भेंडीखालचं पाणी एकदा आत ओढलं गेलं
आणि सपाट झालं.
गुणाबायने काही विचारलं नाही.
जाळं खुंटीवर आहे,
तीन आठवडे झाले,
अजून काढलेलं नाही.