उशिरा प्राप्त

दुपारी तीन म्हणजे तीन.
भिंतीवरचं घड्याळ पुढे पळायचं,
म्हणून थेटे साहेब मनगटावरचं काढून
टेबलावर ठेवत, पट्टा पालथा.
पेटीला दोन कुलपं. एक किल्ली त्यांची,
एक लेखा शाखेतल्या पिंगळेबाईंची.
मी निविदा लिपिक. माझ्याकडे लाख, मेणबत्ती,
नोंदवही, आणि खिडकीतून दिसणारा
त्र्यंबक रस्ता.

काम: चारी क्रमांक सात, अस्तरीकरण व दुरुस्ती,
साखळी शून्य ते चोवीसशे मीटर.
लिफाफे तीन आले. नियमाला तीन पुरतात.
आतल्या पहिल्या पाकिटात बयाणा, नोंदणी, यंत्रांची यादी,
दुसऱ्यात फक्त एक आकडा,
अंकी आणि अक्षरी.
दोहोंत फरक पडला तर अक्षरी खरं.
हा नियम मला फार आवडायचा.
घरी भांडताना एकदा मी तो सांगूनही पाहिला.

तीन वाजून चार मिनिटांनी यादव गांगुर्डे जिना चढून आला,
मजूर सहकारी संस्था, तालुका दिंडोरी.
पेठ नाक्यावर टोमॅटोचे क्रेट सांडले होते,
बस तिथंच.
त्याच्या लिफाफ्याला लाख नव्हती,
भाताच्या पेजेनं चिकटवलेला होता.
सातव्या चारीत खेकड्यांनी कुठं कुठं पोखरलंय
ते त्याला पाठ होतं,
तो धापा टाकत तेच सांगत राहिला,
अकराशे मीटरवर, बाभळीखाली, डावीकडं.

साहेब हळू आवाजात म्हणाले,
जिन्यात असणं म्हणजे पेटीत असणं नाही, गांगुर्डे.

ते बरोबरच होतं.
आज चार मिनिटं दिली
तर उद्या कुणी चार दिवस मागेल,
आणि मागणारा गांगुर्डे नसेल.
मी शिक्का मारला. उशिरा प्राप्त. न उघडता परत.
शाई जरा फिकट उठली, म्हणून पुन्हा मारला.

मग कुलपं निघाली.
एकवीस टक्के कमी. दोन टक्के जास्त. साडेतीन टक्के जास्त.
कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.
चहा आला.
आणि मी नोंद घेताना पाहिलं,
तिन्ही लिफाफ्यांवरच्या 'कार्यकारी अभियंता'मधला य
एकाच वळणाचा,
शेपूट खाली ओढून डावीकडे मुरडलेली.
तीन कंपन्या, तीन पत्ते, एक य.

अक्षराबद्दल नियम नव्हता.
शेऱ्याचा रकाना मात्र होता,
चांगला दोन बोटं रुंद.
मी तो कोरा सोडला.

गांगुर्डेचा लिफाफा टपालानं पाठवला, तो फिरून आला:
घेणारा कामावर बाहेरगावी.
अठरा वर्षं माझ्या खणात होता.
एकदा ट्यूबलाइटसमोर धरला.
आतला कागद चौघडी, आकडा घडीच्या पोटात.
उघडला नाही. तेवढा एक नियम
मी पुरता पाळला.

आता सगळं संगणकावर. तीन वाजता
पडदा आपोआप करडा होतो,
जिना चढायचं कारणच उरलं नाही.
य आता सगळ्यांचेच सारखे.

परवा भाचीच्या हळदीला तिकडं गेले होते.
आवर्तन सुटलेलं. चारीवरून चालत
मीटरचे दगड मोजत गेले.
अकराशेला बाभूळ नाही, बुंधा आहे,
आणि डावीकडून पाणी
कुणाचं टेंडर न भरता
शेजारच्या पडीक रानात चाललेलं.
एक पोरगा भोकात गोणपाट कोंबत होता.
मला म्हणाला, मावशी, जरा पाय द्या इथं.

दिला.
चप्पल भिजली, थंडगार.