शून्याच्या आत

जानेवारीत तार्तूला दुपारी चारलाच अंधारतं.
हिल्लार बस डेपोत लावून रात्रीच्या वर्गाला येतो,
कोटाला डिझेलचा वास तसाच.
एकसष्टाव्या वर्षी सदिश शिकतोय.
का, ते कोणी विचारत नाही;
इथे माणसं माणसांना फारसं विचारत नाहीत.

मारेत बाईंनी फळ्यावर दोन बाण काढले,
कोपऱ्यात काटकोनाची इवली चौकट.
"गुणाकार शून्य."
"म्हणजे वैर?" हिल्लारनं विचारलं.
"नाही हो. वैराचं उत्तर उणे येतं.
शून्य म्हणजे एकाच्या वाटेवर
दुसऱ्याची सावलीसुद्धा पडत नाही."

अर्वेत, थोरला, हीयुमा बेटावर असतो.
अकरा वर्षं बोलणं नाही.
वडिलांच्या बोटीचं इंजिन कुणी विकलं,
पैसे कुठे गेले,
एवढ्यावरून.

घरी येऊन त्यानं वीजबिलाच्या पाठीवर मांडलं :
पहिला आकडा वडिलांचा, दुसरा इंजिनाचा.
मी : तीन, चार.
अर्वेत : चार, उणे तीन.
(वडिलांवर त्याचा जीव जास्त होता,
हे लिहिताना पेन थोडं थांबलं.)
तीन चोक बारा.
चार त्रिक बारा, उणे.
शून्य.

चहा निवला तरी तो बघत बसला.
दोर जागचा हलत नाही
म्हणून कोणी ओढत नाही, असं थोडंच असतं?
आत बारा होते. समोरून बारा होते.

पुढच्या मंगळवारी बाई म्हणाल्या,
काटकोन बाणांत नसतो, आपल्या मापात असतो.
रकान्यांना वजनं द्या, कोन बदलेल.
"एखाद्याला शून्य वजन दिलं तर?"
"ते चालत नाही," बाई खडू झटकत म्हणाल्या,
"मग असलेल्या गोष्टीचीही लांबी शून्य निघते.
कमी करा. पुसू नका."

इंजिनाला त्यानं आधी पाऊण दिलं.
उरले तीन.
खोडलं. खिडकीशी जाऊन आला,
एमायोगी नदीवर बर्फ, त्यावर कुणाचा तरी कुत्रा.
मग अर्धं दिलं, जिवावर आल्यासारखं.
बारातून सहा गेले.

सहा म्हणजे काही गळाभेट नाही.
नंबर अजून पाठ आहे का,
तेवढं बघण्यापुरते
सहा.