घोडं अजून खालीच आहे

पाचव्या खंडाच्या शेवटच्या ओळीत
वेरनचा हात कडीवर आहे
आणि आतून कुणीतरी दार ठोठावतंय.
बस्स. पुढे कोरं पान,
मग छापखान्याचा पत्ता.
येत्या नोव्हेंबरात या गोष्टीला नऊ वर्षं होतील.

आम्ही डंडीत राहतो, दांडी मात्र लेखकाने मारली.
हा विनोद या गावात कुणालाच सांगता येत नाही.

एल्स्पेथच्या दुकानाच्या काचेवर तारीख चिकटते,
जुनीवर नवी, नवीवर त्याहून नवी;
तो कागद आता पुठ्ठ्याएवढा जाड झालाय.
बंदरावर क्रेन चालवणाऱ्या फर्गसने
दंडावर पाचही किल्ले गोंदवलेत,
सहाव्यासाठी कोपराखाली जागा राखून.
तो म्हणतो, आत तिची आईच आहे.
शाळेच्या गणवेशातली दोन मुलं म्हणतात, छे,
आत ती स्वतःच आहे.
मग कुणीतरी वर्तमानपत्राचं कात्रण काढतं:
लेखकमहाशय भाज्यांच्या प्रदर्शनात,
पहिल्या बक्षिसाची लीकची जुडी
तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून.
सगळे गप्प होतात.
एवढं खतपाणी दुसरीकडे घातलं असतं तर.

मला मात्र घोड्याची काळजी लागलीय.
बुरुजाखाली, बर्फात, तिने बांधून ठेवलेलं करडं घोडं.
नऊ वर्षं! नेमकं कुठे पेंड खातंय?
घालतंय तरी का कुणी?

पहिला खंड उघडला तेव्हा मी तेराची, वेरन पंधराची.
थोरली, धीट, उलट उत्तर देणारी.
पाच खंडांत तिचे दोन हिवाळे सरले, माझे अठरा.
आता मी नेदरगेटवर लोकांचे डोळे तपासते,
मलाही चष्मा लागलाय,
आणि परवा ते शेवटचं पान पुन्हा वाचताना
तोंडातून निघून गेलं,
अगं बाळ, हातमोजे घाल, लोखंड गार असेल.

तिसरा खंड आला तेव्हा घरात प्रत एकच.
निहारने स्वयंपाकघरातली सुरी आणली
आणि कण्यातून पुस्तकाचे दोन भाग केले.
मला पुढचा, त्याला मागचा.
तो अर्ध्यातूनच सुरू झाला,
आणि शेवट सांगून टाकीन अशा धाकाने
आठवडाभर माझ्याकडून भांडी घासून घेतली.

बाबांच्या आजारपणात कोण किती वेळा आलं
याचा हिशेब मांडला त्याने, मग मी. जुळला नाही.
त्याला चार वर्षं झाली.
तारीख जवळ आली की ब्रिस्टलहून त्याचा निरोप येतो,
आलं?
नाही.
बरं.
चार वर्षांतलं आमचं सगळं बोलणं एवढंच,
एका तळहातावर मावेल.

काल एल्स्पेथने काचेवरचा तो पुठ्ठा
नखांनी खरवडून काढला.
म्हणाली, या वेळी खरंच. कागद विकत घेतलाय त्यांनी.
फर्गसने थंडीत बाही वर केली.
मुलं ओरडली. मीही टाळ्या वाजवल्या,
आणि घरी येताना पायांत गोळे आले.
उद्या मी "हो" म्हटलं, तर परवा तो काय विचारील?

रात्री निरोप आला. आलं?
येतंय, असं लिहिलं. खोडलं.
लिहिलं, त्या करड्या घोड्याचं काय झालं असेल रे?

बराच वेळ काही नाही. केटल उकळून गार झाली.
मग: कुठलं घोडं?

तेव्हा उजेड पडला.
घोडं येतं तिसऱ्या खंडात, मिठागराच्या प्रकरणात,
पुढच्या अर्ध्यात.
तो अर्धा अजून माझ्याच कपाटात आहे.
भांडी घासून झाली, पण अदलाबदल राहूनच गेली.

मी टाइप करू लागले. अंगठा अडखळला.
फोनच लावला.
त्याने उचलला, आणि कसा आहेस वगैरे न विचारता
मी म्हटलं, हे बघ,
एक मिठागर असतं.