दोन इंच माया

गुरुवारी वडगावच्या मराठी शाळेत शिबिर होतं.
बाकं भिंतीला सारलेली, मधे वजनकाटा,
आणि फळ्यावर चिकटवलेला तक्ता, कानडीतला:
हिरवा, पिवळा, तांबडा.
महादेवी आशाताई एकेकीला विचारत होती, "एत्तर एष्टु?"
मी म्हटलं, उंची होय? मला काय विचारतीस,
टेप माझ्या गळ्यातच आहे की.

तिनं किलो लिहिले, मीटर लिहिले,
मीटरला मीटरनं गुणलं,
आलं त्यानं किलोला भागलं,
आणि अख्ख्या बाईचा एक आकडा झाला.

एकोणतीस वर्षं मी ब्लाउज शिवते.
भिंतीपलीकडे यंत्रमाग, इकडे माझं मशीन,
कोण कुणाच्या तालावर चालतं, आता सांगता येत नाही.
माझ्या वहीत एका बाईचे अकरा आकडे असतात,
छाती, कंबर, दंड, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा,
आणि खाली एक शेरा, जो मी कुणाला वाचून दाखवत नाही.
डावा खांदा उतरता.
पाठीला बाक, बोलायचं नाही.
दोन इंच माया ठेवणे.

माझ्या पुढं रांगेत कंग्राळीचा शट्टुप्पा होता.
त्याच्या दंडाला टेप लावला की टेपच धापा टाकतो.
काटा ब्याण्णव. आकडा बत्तीसच्या वर. तांबडा.
पोरसवदा डॉक्टर म्हणाला, भात कमी करा.
शट्टुप्पानं तक्त्याकडं असं बघितलं
जसं आखाड्यात न उतरलेल्याकडं बघावं,
आणि "बरं" म्हणून चपला घातल्या.

हुंदरेबाई त्याच तक्त्यात हिरव्या होत्या.
गेल्या साली, त्याच्या आदल्या साली, त्याच्याही आदल्या.
उंची माझ्या टेपाएवढी, साठ इंच बरोबर,
वजन एक्कावन्न, आकडा बावीस.
सामान्य. हा शब्द कानडीत वाचा नाहीतर मराठीत,
दोन्हीकडं तसाच धीर देतो.

खरं वही वेगळं सांगत होती.
दर मंगाईच्या जत्रेला त्या ब्लाउज घेऊन यायच्या,
"जरा सैल करून दे गं, धुऊन आटलाय."
कंबर अठ्ठावीस. तीस. तेहतीस. छत्तीस.
आणि त्याच पानावर दंड
साडेदहा, दहा, साडेनऊ.
खाली माया उसवायची, बाहीत टाके आत घ्यायचे.
हातापायातली बाई निघून
पोटाभोवती गोळा होत होती,
आणि काट्याला दोन्ही सारखंच.

शेवटी टाचेची जखम भरली नाही.
केएलईत दोन बोटं काढली, साखर तीनशे चाळीस.
"मी तर बारीक," त्या म्हणत राहिल्या.
मी मोसंबी सोलत बसले.
माझ्याकडं सगळं लिहिलेलं होतं.
मी फक्त कापडाचा विचार केला.

हे महादेवीला सांगितलं तेव्हा तिनं पेन ठेवलं.
"फॉर्मात कमरेचा रकाना नाही, मावशी," म्हणाली,
"खरं घरी जाऊन एक कर.
उंचीएवढा दोरा घे. दुमड. पोटाभोवती गुंडाळ.
टोकाला टोक भेटलं तर बरं."

दुकान लावून घेतलं. माग थांबले होते,
त्यामुळं रिळाचा आवाजसुद्धा मोठा वाटला.
दोरा टाचेखाली धरून डोक्यापर्यंत नेला,
दातानं तोडला, दुमडला,
श्वास आत ओढला,
मग लाज वाटली, सोडला.
टोकं भेटली नाहीत.
मधे चार बोटं, मोजली, चारच.

माझं पान वहीत नव्हतंच कधी.
नवं काढलं. नाव लिहिलं. अकरा आकडे घेतले,
पाठीचा एक अंदाजानं.
आणि शेऱ्याशी आल्यावर हातानं सवयीनं लिहून टाकलं,
दोन इंच माया ठेवणे.

बघत बसले.
कुणासाठी लिहिलं, शिवणाऱ्या बाईसाठी
की घालणाऱ्या?
खोडलं नाही.