कूलरचा रकाना

मे महिन्यातली दुपार. वाडी नाक्यावर ट्रक थांबलेला.
मागे क्लोरीनचे सहा टनर, नऊशे किलोचा एकेक,
पुढे मी, मांडीवर पॅड, पॅडवर तक्ता:
शाळा किती, दवाखाने किती, वळणं किती.
लांजेवार उरलेलं पाणी दुपट्ट्यावर ओततो, विचारतो,
"मॅडम, यात आमचा नंबर कितवा?"

संभाव्यता गुणिले परिणाम.
परिणाम पाचच, तो बदलत नाही.
दहा आले तर पिवळा, पंधरा आले की लाल.
दाभ्याच्या वळणावर मी तीन लिहिलं,
खोडलं, दोन केलं.
रसवंतीची घुंगरं वाजत होती
आणि मला घरी जायची घाई होती.

ऑफिसचं म्हणणं, रात्री दोनला न्या.
रस्ता मोकळा, बाजार बंद, शाळेपुढे शून्य.
कागदावर रात्र फार सुरक्षित दिसते.

"रातचं नका सांगू," लांजेवार म्हणाला.
"राती अख्खं नागपूर कूलर लावून झोपते.
कूलर बाहेरचीच हवा घेते ना?"

पेन थांबलं.
हा वायू जड. वर जात नाही,
सरपटतो, पायऱ्या उतरतो, नाली धरतो,
आणि खिडकीतला पंखा त्याला
वाळ्याच्या ओल्या ताटीतून
पाहुण्यासारखा आत घेईल,
जिथे गादीवर ओळीनं तीन पोरं.

तक्त्यात कूलरचा रकाना नाही.

आरशाला चिंधी बांधलेली, बायकोच्या साडीची.
मला वाटलं, नवस असेल.
"हवा कोनीकडून येते ते समजते.
वास आला का आडवं पळाचं, हवेच्या आडवं.
कार्डावर लिहून आहे,
पन तवा कार्ड वाचाले टाइम कुठं राह्यते?"

गोरेवाड्याला टनर उतरले, एकेक,
बाळंतिणीला रिक्षातून उतरवावं तसे.
इथून शहराच्या पाण्यात जाणार, चिमटीचिमटीनं,
हगवण, कावीळ वेशीबाहेर ठेवायला.
ट्रक आलाच नाही तर काय,
तोही रकाना नाही.

रात्री नळाखाली तांब्या धरला.
तोच वास, पुसट. प्याले.
मग पॅड काढून दाभ्याच्या दोनाचे पुन्हा तीन केले.
पंधरा. रस्ता लाल.
दुसरा रस्ता नकाशात नाही.

बाहेरून काहीतरी अवजड गेलं,
तांब्यावरचं फुलपात्र किणकिणलं.
वारा कुठला ते बघायला मी पडद्याकडे वळले.
पडदा हलत होता,
पण कूलरच्या हवेनं.