ओ

तुर्भ्याचं कोल्ड स्टोरेज, वजनकाट्यामागची केबिन.
कीबोर्डच्या फटीत मिरचीची पूड.
एंटर दाबलं की आधी मी शिंकतो,
मग शीट हलते.

उज्ज्वला केणी म्हणतात, जेवून आलं की हे मेलेलं असतं.
सकाळी साडेआठला उघडलेलं कनेक्शन,
आणि डब्यानंतर पहिला गेटपास टाकला
की अर्धा मिनिट नुसतं पांढरं.
बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर कोपर ठेवून.

कोड उघडला. कधीकाळी कोणीतरी
दर ओळीला नवं कनेक्शन उघडलं होतं:
चारशे बारा पोती, चारशे बारा वेळा दार वाजवायचं,
नाव सांगायचं, आत जायचं,
आणि निघताना दार लोटायचं विसरायचं.
महाप्याचा सर्व्हर शेवटी म्हणाला, जागा नाही.
मग कोणा शहाण्याने एकच उघडून
व्हेरिएबलमध्ये बांधून ठेवलं.
ते बरं केलं. पण वाटेतल्या फायरवॉलला
गप्प बसलेलं खपत नाही.
दहा मिनिटं शब्द गेला नाही की दोर कापतो
आणि दोन्ही टोकांना कळवत नाही.

इकडे मी विचारतो, उघडं आहेस ना?
ते म्हणतं, हो.
खोटं नाही बोलत. त्याला माहीतच नाही.

म्हणून दर नऊ मिनिटांनी एक प्रश्न पाठवतो.
एक दे.
पोतं नको, तारीख नको, नुसता एक.
तिकडून एक येतो.
तो मी कुठेच वापरत नाही.
नाही आला, तर जुनं सोडायचं, नवं उघडायचं,
केणीबाईंना पत्ता लागू द्यायचा नाही.
आणि वर्कबुक मिटण्याआधी ते मिटायचं,
हे कोडात दोनदा लिहून ठेवलं.

मग सर्व्हरवर पाहिलं, कोण कोण जोडलेलं आहे.
एकच नाव. एन. घरत.

"घरतकाका? ते गणपतीनंतर रिटायर झाले की.
काट्यावर बसायचे. आता दिवाळे गावात, जेट्टीपाशी.
ऐकू कमी येतं त्यांना."

स्क्रिप्टमध्ये अजून त्यांचाच आयडी,
पासवर्डात बहुधा नातीचं नाव.
बदलायलाच हवा. तसा मेल टाकला.
नवा यायला तीन दिवस.

तोवर दर नऊ मिनिटांनी
घरतकाकांच्या नावाने एक हाक जाते
आणि महाप्याहून ओ येते.

दीड वाजला. बाईंनी डबा उघडला,
अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली.
दोन वाजून पाचला गेटपास टाकला.
शीट पांढरी पडली नाही.
मी शिंकलो मात्र.