येतो

आठ वाजून दहा मिनिटं. नवऱ्यानं माग थांबवलाय
आणि वडगावची गल्ली एकदम बहिरी झाली आहे.
दारामागं उभी राहून मी कुर्त्यावर चिकटपट्टी फिरवते,
खांदा, पाठ, पुन्हा खांदा.
सुताची लव काळ्यावर फार दिसते.
काळा घ्यायचाच नव्हता. पण गेटवर सगळ्या काळा घालतात,
नाहीतर राखेसारखा तो एक रंग,
ज्याला आमच्याकडं गिऱ्हाईक नाही.

आमच्या मागावर शेंदरी उतरतो, पोपटी, वांगी.
दिवसाला दोन साड्या जातात माझ्या हाताखालनं.
जूनमध्ये पहिल्या दिवशी त्यातलीच एक नेसून गेले होते,
हिरवी, मोठ्या काठाची.
एकीनं हसून विचारलं, आज काही फंक्शन आहे का?
दुसरीनं बोलता बोलता
तिच्या मुलाचं दप्तर माझ्या हातात दिलं.
आया वाटले असेन.
मी ते वर्गापर्यंत पोचवलंसुद्धा.

मग शनिवारी खडेबाजार.
साडेतीनशेचा कुर्ता अडीचशेला, लेगिंग, पांढरे बूट.
बुटात पाय घालताना जोडवी अडतात,
ती आता पर्समध्ये असतात, चिल्लरीत.
चालताना वाजतात.

स्कूटरवर पुढं साड्यांचा गठ्ठा,
मधे त्रिशा, मागं मी.
कॅम्पात शिरलं की चिंचेखाली म्हणते, इथंच थांबवा.
नवरा कधी काही बोलला नाही.
एकदाच म्हणाला, गठ्ठा झाकू काय चादरीनं?
तेव्हापासून मीही बोलत नाही.

पण कपड्यांचं सोपं आहे.
आमच्यात बाई ‘येतो’ म्हणते, ‘जेवलो’ म्हणते.
आई आजही उंबऱ्यातून सांगते,
बाजाराला जाऊन येतो गे,
आणि कुणाला ती बाप्या वाटली नाही.
गेटवर पुण्याहून बदलीवर आलेल्या आहेत काहीजणी.
त्यांच्यासमोर प्रत्येक क्रियापद मी
पदर सारखा करावा तसं आधी सारखं करते.
येते. सोडते. आणते.
वॉचमन ओरडतो, लगू बर्री! त्याच्याशी कन्नड.
मिसशी इंग्रजी, पाठ केलेलं, दोन वाक्यं.
बाकी वेळ गप्प.
गप्प कशावरही शोभतं.

काल त्रिशाची बाटली स्कूटरच्या हँडललाच राहिली.
मी गेटवर, आणि नवरा समोरून रविवार पेठेला निघालेला,
रोजच्यासारखा मान खाली घालून,
अनोळखी.
‘अहो! थांबा! मी आलो!’

आलो.
आठ-दहा गॉगल वळले.
त्यानं ब्रेक मारला तो बरोबर गेटसमोर,
गठ्ठ्याची गाठ सुटून
वांगी पदर सगळ्यांसमोर खाली लोंबत होता.
कुणीतरी हसलं. बाटली घेताना
मला त्याच्याकडं बघवलं नाही.

मग रेयांशची मम्मी जवळ आली,
मुलाशी फक्त इंग्रजीत बोलणारी, हातात गाडीची किल्ली.
हळूच म्हणाली, वडगावच्या काय तुमी?
मान हलवली.
‘मी कडोलीची,’ म्हणाली. ‘लग्नाआधी.’
एवढंच. गाडीत बसली, काच अर्धी खाली घेतली,
‘उद्या भेटतो,’
आणि लगेच आजूबाजूला बघितलं
कुणी ऐकलं काय म्हणून.

आज परत काळाच घातलाय.
जोडवी पर्समध्येच.
चिंच आली तेव्हा मात्र म्हटलं, जरा पुढं घ्या.
जरा म्हणजे झेरॉक्सच्या दुकानापर्यंत.
तिथून गेट दिसतं, गेटवरून आम्ही दिसतो.
उतरले. गठ्ठ्याची गाठ नीट आवळली.
येतो, म्हटलं.
नवऱ्याला त्यात काही नवल वाटलं नाही.
घरात मी तसंच म्हणतो.